थंडीतलं अत्तर आणि आईचा काळा मसाला



सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न आयुष्यात कधी ना कधी विचारला जातोच. "तुम्ही लोकांनीच ना आमचं सुरत लुटलं?" विचारणारा हसत विचारतो, आपणही हसतो, चहा येतो आणि विषय संपतो. बँकेच्या नोकरीत पस्तीस-छत्तीस वर्षं हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी एक उलटप्रश्न तयार ठेवला होता : "पण लुटण्यासारखं इथं होतं काय, ते तर सांगा." सोनं, चांदी, मोती, हिरे, इथपर्यंत सगळे सांगतात. मिरी, लवंग, जायपत्री मात्र कुणाला आठवत नाही. आणि सुरतेची श्रीमंती समजून घ्यायची तर सराफाच्या दुकानाइतकंच गांध्याच्या दुकानाकडे बघायला हवं. गांधी म्हणजे गंधाचा व्यापारी, सुगंधी द्रव्यं आणि काष्ठौषधी विकणारा. हे आडनाव गुजरातेत ज्या धंद्यावरून आलं, त्या धंद्याची ही गोष्ट आहे. आपल्या स्वयंपाकघराशी तिचा संबंध आहे, म्हणून इथे लिहितो.

सुरतेत डिसेंबर-जानेवारी म्हणजे परदेशातल्या मंडळींचा मोसम. नाताळच्या सुट्ट्या लागल्या की अमेरिका, कॅनडा, इंग्लंडहून पोरंबाळं येतात. तापीच्या काठी पोंकाचे स्टॉल लागतात, घरोघरी उंधियुचे बेत ठरतात, दुकानांतून सालमपाक दिसू लागतो. आमची नातही दोन वर्षांपूर्वी अशीच आली. आल्याआल्या आजीच्या गळ्यात पडली, आणि आमची सौ. नाक वर करून म्हणाली, "अगं, तू सुंठवडा अंगाला फासून आलीस की काय!" नातीने पर्समधून बाटली काढून दाखवली. दालचिनी, लवंग, आलं, जायफळ, व्हॅनिला, असं सगळं त्या डबीवर छापलेलं. तिकडे थंडीच्या सुट्टीत असली, खाण्याच्या पदार्थांसारखा वास असणारी परफ्यूम लावायची पद्धत आहे म्हणे. किंमत विचारली. त्या पैशात आमच्या घरचा वर्षाचा मसाला झाला असता, आणि वर शेजारच्या बेनलाही डबाभर देता आला असता.

तिकडच्या मंडळींना हे प्रकरण तसं नवीनच. १९७७ साली 'ओपियम' नावाचं फ्रेंच परफ्यूम आलं, त्यात लवंगेसारखे तिखट-उष्ण वास ठळक होते. मग १९९२ साली 'एंजल' आलं. चॉकलेट, कॅरॅमल, साखरेच्या कापसासारखा गोड वास. तेव्हापासून खाद्यपदार्थांच्या वासाच्या परफ्यूमची स्वतंत्र जातच तयार झाली. त्याआधी संत्र्यात लवंगा टोचून नाताळात घरात टांगायची युरोपातली जुनी चाल होती, पण अंगाला मिठाईचा वास लावायचा, हे त्यांना वेगळं वाटलं. आपल्याला वेगळं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे थंडीत मसाल्याचा वास अंगाला लावणं ही दोन हजार वर्षांची शिस्त आहे.

शिस्त हा शब्द मुद्दाम वापरला. चरकसंहितेत ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात जाड आणि उबदार कपडे घालावेत, अंगाला अगरूचा दाट लेप लावावा, असं त्यात आहे. उन्हाळ्यासाठी चंदन सांगितलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात थंडीसाठी केशर, कस्तुरी आणि अगरूचा धूप सांगितला. म्हणजे गंध हा कपड्यासारखा, ऋतू पाहून बदलायचा. आपण थंडीत जसे डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू करतो आणि गुजराती मंडळी 'वसाणां' म्हणून सुंठ-पिंपळीचे पाक करतात, तसंच हे. पोटातली उष्णता वेगळी आणि अंगावरची वेगळी, अशी फारकत जुन्या लोकांनी केलेली नव्हती.

अत्तरवाल्यांकडे ही पद्धत अजून जिवंत आहे. सुरतेच्या जुन्या शहरात एका वृद्ध अत्तरवाल्याकडे मी नोकरीत असताना बसायला जायचो. त्याचं खातं आमच्या शाखेत होतं, तेवढी ओळख पुरेशी होती. तो उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा काढायचा. पावसाळ्यात केवडा आणि मातीचं अत्तर. दिवाळी उलटली की समोरच्या फळीवर हिना आणि शमामा. जानेवारीत कुणी वाळा मागितला तर देणार, पण देताना म्हणणार, "साहेब, सर्दी होईल!" गिऱ्हाईक हसायचं. तो हसायचा नाही.

हिना म्हटलं की आपल्याला मेंदीचा हिरवा ओला वास आठवतो. थंडीतलं हिना अत्तर ते नव्हे. मेंदीच्या फुलांसोबत पुष्कळ मसाले आणि मुळ्या घालून ते करतात. शमामा तर जवळजवळ पूर्णपणे मसाल्याचंच. कनौजला ही अत्तरं तांब्याच्या देगेत तयार होतात. देगेत द्रव्यं आणि पाणी घालायचं, तोंड मातीने लिंपायचं, खाली शेणी-लाकडाचा विस्तव. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्याला भपका म्हणतात, आणि त्यात मुळात चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होऊन त्या तेलात वास मुरतो. पाणी काढून टाकायचं, पुन्हा नवी द्रव्यं, पुन्हा विस्तव. शमाम्यासाठी हे दिवसेंदिवस चालतं.

एकदा मी त्या अत्तरवाल्याला विचारलं, की शमाम्यात घालतात तरी काय काय? त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. लौंग, इलायची, जायफल, जावित्री, केसर, नागरमोथा, जटामांसी, कपूर कचरी, छरीला. छरीला म्हणजे काय, ते मला कळेना. त्याने आत जाऊन एक पुडी आणली. काळसर-करड्या, कुरकुरीत, कागदाच्या कपट्यांसारख्या पापड्या. मी म्हणालो, "अहो, हे तर दगडफूल! आमच्या काळ्या मसाल्यात असतं!" तो म्हणाला, "तुम लोग खाते हो?" आणि आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटत होतं की हा मसाला अंगाला लावतो. त्याला वाटत होतं की हे लोक अत्तर खातात.

मंडळी, दगडफूल हे फूल नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. दगडावर, झाडाच्या सालीवर वाढणारी ती एक बुरशी-शेवाळाची जोडगोळी आहे. कच्चं हुंगलं तर फारसा वास नाही, थोडा मातकट. तेलात पडलं की मात्र घरभर धुरकट, ओल्या रानासारखा, गडद वास सुटतो. गोडा मसाला असो की काळा, हा वास नसेल तर तो आपला मसाला वाटत नाही.

मग मी रिटायर झाल्यावर थोडं वाचायला लागलो. कॉमर्सचा माणूस, संस्कृतशी शाळेनंतर संबंध नाही, पण भाषांतरं मिळतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचा अध्याय आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात सुगंधी द्रव्यांचा अध्याय, हेच मला आधी आश्चर्याचं वाटलं. त्यात त्याने सोळा द्रव्यांची यादी दिली आहे आणि मग हिशेब मांडला आहे. सोळांतून कोणतीही चार निवडली तर १८२० प्रकार होतात. त्या चारांच्या कमीजास्त प्रमाणांचे आणखी ९६ भेद धरले, तर एकूण १,७४,७२० सुगंध. मी कॅल्क्युलेटर घेऊन गुणाकार करून पाहिला. बरोबर येतो. बी.कॉम.ला आम्हाला ही गणितं शिकवली तेव्हा उदाहरणं चेंडू आणि पिशव्यांची होती. अत्तराचं उदाहरण दिलं असतं तर वर्गात जास्त लक्ष लागलं असतं!

पण माझा जीव अडकला तो यादीत. घन म्हणजे नागरमोथा. उशीर म्हणजे वाळा. कर्चूर म्हणजे कचोरा. मलय म्हणजे चंदन. कर्पूर, अगुरू, तगर, दमनक म्हणजे आपला दवणा, जो ज्योतिबाला वाहतात. आणि याच यादीत शैलेय म्हणजे दगडफूल, नागपुष्प म्हणजे नागकेशर, आणि धान्य म्हणजे धने. धने! सुगंधी द्रव्यांच्या यादीत धने! आता आपल्या घरात बघा. नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन हे दिवाळीच्या उटण्यात गेले, म्हणजे न्हाणीघरात. कापूर, अगरू, चंदनाचं खोड देवघरात गेलं. धने, दगडफूल, नागकेशर मसाल्याच्या डब्यात गेले, स्वयंपाकघरात. एका एकत्र कुटुंबाची वाटणी होऊन तीन भाऊ तीन खोल्यांत राहायला गेले, तसं झालं. शमामा करणारा कारागीर मात्र त्यांना अजून एकाच देगेत घालतो.

हा सगळा संस्कृतातला, राजवाड्यातला मामला, आपल्या मराठीचा त्यात काय संबंध, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होते. इंग्रजीत त्यांनी शेकडो लेख लिहिले, आणि विषय तरी कसले, तर जिलबी, पानसुपारी, चणे, आरसे, अत्तरं. आपण ज्यांना इतिहास समजत नाही, त्यांचा इतिहास त्यांनी लिहिला. १९४० च्या दशकात त्यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मिळ हस्तलिखितावर लेख लिहिला. सुगंध तयार करण्याचा संस्कृत ग्रंथ, आणि त्यावरची टीका मराठीत. गोड्यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. पुढे १९८९ मध्ये गंगाधराचा 'गंधसार' आणि हा 'गंधवाद' ही दोन्ही पुस्तकं एकत्र बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने छापली. म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधी कुणीतरी मराठी माणूस बसून आपल्या भाषेत समजावून सांगत होता की हे द्रव्य असं घ्या, असं भिजवा, असं मिसळा. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याने लिहून ठेवलं, म्हणून तो माणूस होता एवढं तरी आपल्याला कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्यावर येणार आहे.

आता सुरतेकडे येऊ. दगडफूल, धने, वाळा आपल्या देशात होतात. लवंग, जायफळ, जायपत्री इथं होत नव्हती. लवंग त्या काळी जगात एकाच भागात व्हायची, मोलुक्का बेटांत, आजच्या इंडोनेशियात. जायफळ-जायपत्री त्याच भागातल्या बांदा बेटांत. ती सुरतेला पोचायची कशी? कापडाच्या बदल्यात. त्या बेटांवरच्या लोकांना सोन्यापेक्षा गुजरातचं छापील सुती कापड हवं असायचं. डचांनी १६१० च्या दशकात सुरतेत पाय रोवले त्याचं मोठं कारण हेच. इथं कापड घ्यायचं, तिकडे देऊन लवंग-जायफळ घ्यायचं, ते पुन्हा इथं आणि युरोपात विकायचं. डेबिट-क्रेडिटच्या भाषेत सांगायचं तर सुरतेच्या साळ्याने विणलेला वार जावा-सुमात्र्याच्या खात्यात नावे पडायचा आणि लवंगेची गोण सुरतेच्या खात्यात जमा व्हायची. आज सुरत कापडाचं शहर म्हणून ओळखलं जातं. त्या कापडाला एके काळी लवंगेचा वास होता.

इंग्रजांचं 'हेक्टर' जहाज १६०८ साली सुरतेला लागलं. त्यांच्या वखारीच्या कागदपत्रांत एक नाव पुन्हा पुन्हा येतं, वीरजी व्होरा. मिरी, लवंग असा माल तो घाऊक उचलायचा, भाव आपल्या हातात ठेवायचा. इंग्रज कंपनीला पैसे कमी पडले की कर्जही तोच द्यायचा. बँकेतला माणूस म्हणून मला हे वाचून मौज वाटली. ज्या कंपनीने पुढे देश घेतला, ती एके काळी सुरतेच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याची कर्जदार होती! जानेवारी १६६४ मध्ये महाराजांच्या स्वारीत ज्यांच्या वाड्यांवर घाव पडला, त्यांत हा वीरजी व्होरा होता. स्वारी ऐन थंडीतली होती, हे आपण विसरतो. मला कधीकधी वाटतं, त्या चार दिवसांत त्या वखारींच्या गल्ल्यांत नुसत्या आगीचा वास नसणार.

मोगलांचं हे बंदर. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली. अबुल फझलने आईन-ए-अकबरीत बादशहाच्या खुशबूखान्यावर वेगळं प्रकरण लिहिलं आहे, सुगंधी द्रव्यांच्या भावांसकट. जहांगीरने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. गुलाबजल तापवताना वर जमलेला तेलाचा तवंग तिने वेगळा केला, अशी ती हकिकत. दिल्ली-आग्र्याला परदेशी द्रव्यं लागायची, त्यांचा एक मोठा दरवाजा सुरत होता. हजला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात बसायचे. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई आज महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. घरपट्टीच्या तक्रारी घेऊन आपण जिथे रांगेत उभे राहतो, त्या आवारात एके काळी मक्केहून परतलेल्या माणसांच्या गाठोड्यांतून ऊद आणि लोबानाचा वास येत असणार.

आणि सुरतेहून आत देशात जायचा रस्ता कुठून जायचा? आपल्या खानदेशातून. बारडोली, नवापूर, नंदुरबार, बऱ्हाणपूर. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या रस्त्याने गेला. नवापूरच्या तांदळाबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीसारखा. मोठे उमराव हाच तांदूळ खातात, इराणात कुणाला भेट द्यायची तर या तांदळाची गोणी नेतात, असं तो सांगतो. कस्तुरीचा वास असणारा भात! नातीच्या बाटलीवर याच्याहून वेगळं काय लिहिलं होतं? आज नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्या फलाटावरून जाताना मला तो तांदूळ आठवतो.

त्याच रस्त्याशेजारून पुढे तापी व्हॅली रेल्वे झाली. १९०० च्या सुमारास सुरत-अमळनेर लाईन पूर्ण झाली, आणि खानदेशातला शेतकरी सुरतेला एका दिवसावर आला. माझे वडील याच लाईनने अमळनेरकडून आले. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत आज जी मराठी वस्ती दिसते, तिच्यातल्या पुष्कळ घरांची कहाणी हीच आहे. लूम, मिल, छपाईखाना, डाईंग हाऊस. वळकटी, एक ट्रंक आणि काळ्या मसाल्याची बरणी, एवढा संसार घेऊन आई सुरतेत उतरली.

आईचा मसाला उन्हाळ्यात व्हायचा. खोबरं काळंभोर होईस्तोवर भाजायचं, कांदा वाळवून तळायचा, मग धने, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, शहाजिरं, बडी वेलची, नागकेशर, आणि सगळ्यात शेवटी दगडफूल. विस्तव बंद करून नुसत्या उरलेल्या गरमीवर. उखळात कांडायला चाळीतल्या तीन-चार बायका यायच्या. पण मसाल्याचा खरा मोसम थंडीचा. वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी. सुरती लोक पोंक खायचे, आम्ही त्याच ज्वारीला हुरडा म्हणायचो. थंडीत खिडक्या बंद, त्यामुळे फोडणीचा वास कपड्यांत, केसांत, स्वेटरच्या लोकरीत जाऊन बसायचा. मी कॉलेजात जायचो तो हा वास घेऊनच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कोट घालून मसाल्याचा वास घेऊन काउंटरवर बसू नका, कस्टमर काय म्हणतील." ते वाईट मनाचे नव्हते, त्या काळी बँकेतल्या माणसाने पावडर आणि कोलोनचा वास घेऊन बसावं अशी सगळ्यांचीच समजूत होती. मी आईला काही बोललो नाही. पण कोट स्वयंपाकघरापासून लांब, बाहेरच्या खुंटीला टांगायला लागलो. आईने एक दिवस ते पाहिलं. तीही काही बोलली नाही. फक्त त्यानंतर सकाळची फोडणी मी निघून गेल्यावर पडायला लागली. डब्यात मला कोरडी भाजी आणि पोळी. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. आज तोच लवंग-दालचिनीचा वास माझी नात काचेच्या बाटलीतून विकत घेऊन आणते, आणि विमानतळावर तिला कुणी काही म्हणत नाही. मला तिचा राग नाही, उलट बरं वाटलं. आईने हे बघायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

आई १९९८ मध्ये गेली. मसाल्याचं प्रमाण तिच्या एका वहीत होतं. तिला स्वतःला जेमतेम लिहिता यायचं, म्हणून बहिणीकडून लिहून घेतलेलं. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्या तळमजल्यावर पाणी छातीपर्यंत होतं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, त्यांचं पुढे काहीतरी झालं. वही चिखलातून बाहेर काढली तेव्हा तिची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. शाईचा निळा डाग तेवढा राहिला.

त्यानंतर सौ. आणि मी दोन उन्हाळे आईचा मसाला शोधत होतो. द्रव्यं माहीत होती, प्रमाण माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला लवंग जास्त झाली, दुसऱ्या खेपेला काहीतरी पोकळ लागत होतं. सौ. म्हणाली, "तुम्ही अत्तरवाल्याकडे एवढे बसायचा ना, मग नाकाने सांगा काय कमी आहे." मी डोळे मिटून हुंगलं. धुरकटपणा कमी होता. दगडफूल दुप्पट केलं. तिसऱ्या खेपेला खोबरं भाजून झाल्यावर बरणीचं झाकण उघडलं आणि मधल्या खोलीतून माझी बहीण, जी तेव्हा राहायला आली होती, न बोलावता स्वयंपाकघरात आली. तिने विचारलं, "आईची वही सापडली?"

थंडीतच हे वास का शोभतात, याला साधं कारणही आहे. वास म्हणजे हवेत उडणारे कण. लिंबू, मोगरा यांचे कण हलके, चटकन उडून जातात. उन्हाळ्यात अंग तापलेलं असतं, तेव्हा ते भरभर पसरतात आणि प्रसन्न वाटतात. चंदन, ऊद, दगडफूल यांसारख्या द्रव्यांचे वास जड, ते सावकाश उडतात आणि लवंग-दालचिनीलाही धरून ठेवतात. उन्हाळ्यात हे वास अंगावर येतात, डोकं धरतं. थंडीत ते बेताने सुटतात, आणि शाल-स्वेटरच्या लोकरीत टिकतात. लवंगेतला युजेनॉल जिभेवर जसा उष्ण लागतो, तशी नाकालाही तिची ऊब वाटते.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लवंगेचं किंवा दालचिनीचं नुसतं तेल त्वचेवर लावू नका, भाजल्यासारखी आग होते. तयार हिना किंवा शमामा घ्या. कापसाचा एवढासा फाया करून कानाच्या पाळीमागच्या खळीत ठेवा, आपले आजोबा ठेवायचे तसा. रेशमी साडीवर थेट लावू नका, डाग जात नाही. आणि एक थेंब पुरे. दुसऱ्या दिवशी मफलरला वास येईल, तो खरा.

संक्रांत जवळ आली आहे. हळदीकुंकवाला आपल्याकडे अजून अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काढतात, निदान आमच्या सोसायटीत तरी. हल्ली तीत कुठलंही बाजारी गुलाबी अत्तर असतं. यंदा तीत हिना घाला. तिळगुळासोबत विडा द्यायचा असेल तर त्रयोदशगुणी द्या. लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, केशर, कापूर, हे सगळं त्यात आहे. विडा म्हणजे तरी काय, खायचं अत्तरच की. मनगटावरचा वास आणि तोंडातला वास एकाच घराण्यातला आहे हे बायकांच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही.

आणि शेवटची विनंती, त्या नाव नसलेल्या मराठी टीकाकाराला स्मरून. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या त्या माणसाने लिहून ठेवलं म्हणून पाच-सहाशे वर्षांनी गोड्यांना ते सापडलं. वराहमिहिराने धने आणि दगडफूल एका यादीत लिहिले म्हणून मला माझ्या आईचा मसाला सुगंधाच्या इतिहासात कुठे बसतो ते कळलं. आमच्या घरची यादी पुरात गेली. तुमच्या घरात जी बाई आज मसाला करते, आई असो, सासू असो, काकू असो, तिच्याजवळ वही आणि तराजू घेऊन बसा. मूठभर, चिमूटभर असं ती सांगेल. ती मूठ तराजूत ओतून वजन करा आणि ग्रॅममध्ये लिहा. भाजायचा क्रम लिहा. विस्तव कधी बंद करायचा तेही लिहा. दोन प्रती करा, आणि एक वरच्या मजल्यावर ठेवा.

आमच्याकडे आता तसं केलं आहे. दगडफूल, पाव किलो धन्यांना पंचवीस ग्रॅम.